चौकट रिकामी का?

‘पायथन ही शिकायला सर्वांत सोपी भाषा’ असं प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. भाषा सोपी आहेच. ती विंडोजवर टाकणं सोपं नाही, आणि मुलं अडतात ती तिथेच.

काय होतं ते पाहा. मुलगी फाइल डाउनलोड करते, डबल क्लिक करते. समोर ठळक अक्षरांत ‘इन्स्टॉल नाऊ’. ती ते दाबते. सेटअप यशस्वी झाल्याचा संदेश येतो. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती ‘पायथन’ टाइप करते, आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. आत्ताच तर टाकला होता!

दोष एका छोट्या चौकटीत आहे. त्याच पहिल्या पडद्यावर तळाशी ‘अ‍ॅड पायथन टू पाथ’ असा पर्याय असतो. कमांड दिली की ती शोधण्यासाठी विंडोज ज्या फोल्डरांमध्ये जातं, त्यांची यादी म्हणजे पाथ. यादीत पायथनचं फोल्डर नसेल, तर पायथन डिस्कवर असूनही नसल्यासारखं. 2015 साली आलेल्या 3.5 आवृत्तीपासून ही चौकट पहिल्या पडद्यावर आहे, आणि तेव्हापासून ती रिकामी आहे. यूट्यूबवर पायथन शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत ‘ती टिक विसरू नका’ असं बजावतो. जी सूचना प्रत्येकाला द्यावी लागते, ती इन्स्टॉलरने स्वतःच पाळायला हवी होती.

चौकट रिकामी ठेवण्यामागे कारण आहे. एकाच संगणकावर पायथनच्या तीन-चार आवृत्त्या असतील, तर पाथमध्ये कोणती आधी यावी यावरून दुसरे प्रोग्राम मोडू शकतात. अडचण खरी आहे, पण ती मुरलेल्या प्रोग्रामरची आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या लॅपटॉपवर दुसरं पायथन असतंच कुठे? जाणकाराला टिक काढता येते. नवख्याला ती लावायची असते हेच ठाऊक नसतं. मग मूळ निवड कुणाच्या सोयीची हवी?

पुढची गंमत नव्हे, पुढचा त्रास ऐका. मे 2019 च्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये पाथवर पायथन सापडलं नाही, तर ‘पायथन’ टाइप करताच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. हेतू चांगला होता. पण जिने आधीच पायथन टाकलंय आणि टिक राहून गेलीय, तीही स्टोअरमध्ये जाऊन पोहोचते आणि दुसरं पायथन उतरवते. ज्या गोंधळाच्या भीतीने चौकट रिकामी ठेवली, तोच गोंधळ पहिल्या दिवशी नवशिक्यांच्या घरात शिरतो. ‘पीवाय’ नावाची कमांड 3.3 आवृत्तीपासून सोबत मिळते आणि ती टिक न लावताही चालते. मग क्रमिक पुस्तकांत आणि नोट्समध्ये ती का नसते?

पहिल्या पावलाचं महत्त्व टर्बो सी या जुन्या कम्पायलरकडे पाहिलं की कळतं. आपल्या कॉलेजांमध्ये अजून ती निळी खिडकी चालते म्हणून शहरातले इंजिनिअर नाक मुरडतात. टीका रास्त आहे. टर्बो सी++ 1990 सालचं, म्हणजे सी++ भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण 1998 मध्ये ठरलं त्याच्याही आधीचं. ते 16 बिटचं, 64 बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाही. मुलं ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘क्लियर स्क्रीन’ शिकून बाहेर पडतात आणि पहिल्याच नोकरीत ते विसरायला बसतात. एवढं असूनही ते टिकलं. माझ्या मते याचं मोठं कारण प्राध्यापकांचा आळस नाही. ‘टीसी’ नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर कॉपी केलं की काम संपायचं. कंट्रोल-एफ नाइन दाबा, उत्तर बघा. नव्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा कुणीतरी डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या साधनासकट एकत्र बांधून दिलं आणि मुलांनी तेही टाकलं.

त्याच मुलाला जीसीसी हा आधुनिक कम्पायलर वापरायला सांगा. मिनजीडब्ल्यू या त्याच्या विंडोजवरच्या रूपाच्या अनेक आवृत्त्यांपैकी कोणती घ्यायची ते ओळखा, झिप उघडा, पाथ हाताने भरा, मग व्हीएस कोड हा एडिटर टाका, त्यात एक्स्टेन्शन टाका, कधी जेसनच्या फाइलीही दुरुस्त करा. युजरनेममध्ये जागा सोडली असेल किंवा ते देवनागरीत असेल, तर काही साधनं त्या फोल्डरच्या नावालाच अडखळतात. उत्कृष्ट कम्पायलर फुकट उपलब्ध असताना मुलं तीस वर्षांहून जुना वापरतात, कारण त्या जुन्याचं पहिलं पाऊल सोपं आहे. वाटही आहे: कोड ब्लॉक्स या एडिटरच्या डाउनलोड पानावर ज्या सेटअप फाइलच्या नावात मिनजीडब्ल्यू आहे ती घेतली, की एडिटर आणि कम्पायलर एकत्र मिळतात. हे एक वाक्य लॅबच्या भिंतीवर चिकटवायला काय हरकत आहे?

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. डिसेंबर 1981 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोत बेसिक भाषा चिपमध्येच होती. बटण दाबलं की लिहायला सुरुवात. भारत सरकारने 1984 मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना हीच यंत्रं दिली होती. पुढे संगणक हजारपटीने ताकदवान झाले आणि पहिल्या ओळीपर्यंतचा रस्ता लांबला.

तो आखूड करता येतो, याचे दाखले आहेत. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातून आलेल्या थॉनी या एडिटरमध्ये पायथन आतच असतं. एक फाइल, एक सेटअप, लगेच काम सुरू. गो भाषेचा विंडोज इन्स्टॉलर स्वतः पाथ भरतो. तिच्यात पूर्वी ‘गोपाथ’, म्हणजे कामाच्या फोल्डरचा पत्ता, हाताने ठरवावा लागे. 2017 च्या 1.8 आवृत्तीने त्याला आपोआप मूल्य दिलं आणि नवख्यांची एक मोठी अडचण मिटली. रस्ट भाषेचा इन्स्टॉलर रस्टअप उत्तम आहे, पण विंडोजवर नेहमीच्या मार्गाने गेलात तर त्याला मायक्रोसॉफ्टची काही जीबींची साधनं लागतात. रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर चालणाऱ्या मुलाला ते परवडत नाही.

‘झगडू द्या, त्यातूनच शिकतात’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पूर्ण वैर आहे. पाथ म्हणजे काय हे कळायलाच हवं, पण तिसऱ्या महिन्यात. पहिल्या दिवशी चूक आपली की यंत्राची हेच कळत नाही, आणि आपली मुलं दोष स्वतःकडे घेतात. ‘मला हे जमणार नाही’ म्हणून बाजूला होणारी कोण असतात? ज्यांच्या घरी आयटीतला दादा नाही, ज्यांच्या तालुक्याच्या गावी विचारायला कुणी नाही. हिंजवडीत राहणाऱ्याचा पाथ शेजारचा कुणीतरी भरून देतो. हिंगोलीच्या मुलीने काय करायचं?

‘ब्राउझरमध्ये चालवा, इन्स्टॉल कशाला?’ असंही सांगतात. सुरुवातीला जरूर चालवा. गुगल कोलॅब चांगलं आहे. पण नेट गेलं की वर्गही गेला. शिवाय आपल्या यंत्रावर आपण लिहिलेलं चालताना पाहण्याचा हक्क प्रत्येक शिकणाऱ्याचा आहे.

2014 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या, महिलांना पायथन शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळांमध्ये आदल्या संध्याकाळी फक्त इन्स्टॉल करण्यासाठी जमायची प्रथा आहे. स्वयंसेवक आपली संध्याकाळ देतात, हा त्यांचा चांगुलपणा. पण जगातली एक लोकप्रिय भाषा सुरू करायला माणसांची अख्खी संध्याकाळ लागते, याची लाज भाषा बनवणाऱ्यांना वाटली पाहिजे. 2025 मध्ये पायथनने विंडोजसाठी नवा इन्स्टॉल मॅनेजर आणला आहे. दिशा बरोबर आहे. उशीर झाला, हेही खरं.

शिक्षकांनो, जूनमध्ये पहिलं प्रॅक्टिकल इन्स्टॉलचं ठेवा, त्याला जर्नलमध्ये पान द्या आणि सेटअपच्या फाइली लॅबच्या पेनड्राइव्हवर तयार ठेवा. आणि ज्यांना हे सगळं येतं त्यांनी एखाद्या नवशिक्याशेजारी बसावं, माऊसला हात न लावता तो कुठे अडतो ते लिहून घ्यावं आणि भाषा बनवणाऱ्यांना कळवावं. पायथनच्या तक्रारी 2022 पासून गिटहबवर घेतल्या जातात, आणि खातं उघडून कुणालाही तिथे लिहिता येतं.