फिल्टरसज्ज तालुका

कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांनी आपत्तीची चोख तयारी केली आहे, अभिनंदन! खिशात मावणारा, ०.१ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर. वीज लागत नाही, पटकीचे जंतू अडतात. काविळीचा विषाणू मात्र सुखरूप पार होतो. आपत्तीत कुणाला तरी वाट द्यायला हवीच.

शेजारच्या खालापुरातल्या मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन नवी मुंबईला जातं. तेवढी दगदग स्थानिकांना नको म्हणून इथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांत जुनंच मॉडेल चालू आहे: हंड्याच्या तोंडावर चौपदरी लुगडं. वॉरंटी नाही, सुटे भाग घरचेच.

शासनाने मे महिन्यात प्रत्येक वाडीला आधुनिक फिल्टर द्यावा, ही नम्र सूचना. वापर सोपा आहे: आधी पाणी भरावं. पाणी नसल्यास चिंता नको. कोरडा फिल्टर तुंबत नाही, वर्षानुवर्षं टिकतो.