एकास बहात्तर

प्लॅस्टिकचं विमान जोडून रंगवायला घेणाऱ्या माणसाला बहात्तरचा पाढा आधी पाठ हवा. एकास बहात्तर हे या छंदातलं जुनं, रुळलेलं प्रमाण. इंग्लंडमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' नावाचे विमानांचे संच निघाले, तेव्हापासून ते चालत आलंय. आणि ते सोयीचंही आहे. सहा फुटी माणूस म्हणजे बहात्तर इंच, तो इथे बरोबर एका इंचाचा होतो. विमान लहान होतं, वैमानिक लहान होतो. रंगवणारा मात्र आहे तेवढाच राहतो. त्याचा अंगठा, त्याच्या ब्रशचा गळलेला केस आणि त्याचा उतावळेपणा, यातल्या कशालाही बहात्तरने भाग जात नाही.

माझा अंगठा दोन सेंटिमीटर रुंद आहे. ओल्या पंखावर तो टेकला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबात जवळजवळ दीड मीटरचा ठसा उमटतो. हा हिशेब मी ठसा उमटल्यावर केला.

झालं असं, की २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. त्या दिवशी नाशिककराला गप्प बसवत नाही. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ सालचा, तो मिगसाठीच उभा राहिला. आमच्या लहानपणी वरून काहीही गडगडत गेलं की आम्ही "मिग! मिग!" करत गच्चीकडे धावायचो. पुष्कळदा ते विमान नसायचंच, ढग असायचे. तर निरोपाच्या बातम्या बघताना माझा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आलेला माणूस फोनवर काहीही मागवतो. मी मिग-२१ चा संच मागवला. खोक्यावर 'सर्वांत सोपा' अशी श्रेणी छापली होती. माझ्या वयाच्या माणसाला अपमान वाटावा, इतकी सोपी.

वास्तविक आपल्याला या कामाचे संस्कार नाहीत असं नाही. दिवाळीतला किल्ला दुसरं काय असतं? पण तिथे मावळा बुरुजाएवढा असतो, वाघ महादरवाजातून मावत नाही, आणि महाराज सिंहासनावर बसले की बालेकिल्ला भरून जातो. पट्टी घेऊन मोजायला कोणी येत नाही. गेरू हाताने फासला तरी गड गडच दिसतो. अशा शाळेत शिकलेला माणूस मी. पंखाचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर असलेलं विमान समोर ठेवून ब्रश उचलला, तेव्हा मनात गेरूच होता.

रंग निवडण्यात मी फार अक्कल चालवली. मिगला हिरव्या-मातकट पट्ट्यांचं रूप होतं, नंतरचं राखाडी रूप होतं. पण सुरुवातीच्या काळातलं होतं ते चकचकीत रुपेरी. मी विचार केला, हिरव्या-मातकटाला दोन बाटल्या, त्यांच्या कडा, पुन्हा दोघांचं सीमायुद्ध. रुपेरीला एकच बाटली. डोळे मिटून करावं असं काम.

जाणकारांना विचारा. रुपेरी रंगासारखा चहाडखोर रंग नाही. त्यात धातूच्या बारीक चकत्या असतात, त्या ब्रशच्या ओढीबरोबर वळतात, आणि वाळल्यावर तुमचा हात कुठून कुठे गेला याचा पंचनामा पंखावर कायम राहतो. सांध्यावरचा गोंदाचा ओघळ, पॉलिश पेपरचा ओरखडा, राखाडी रंगाखाली लपलं असतं ते सगळं रुपेरीखाली उठून दिसतं.

शिवाय त्या चकत्या तळाशी बसतात. बाटली नीट ढवळायची असते. मी ढवळली नाही, त्यामुळे पहिल्या हातात पंख नुसता ओला झाला. मग तळाशी ब्रश खुपसून जो काही गाळ वर आला तो चढवला. तोही पातळ न करता, कारण पैसे रंगाचे दिले होते, पाण्याचे नाही. थर झाला असेल पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. पाव मिलिमीटर गुणिले बहात्तर म्हणजे अठरा मिलिमीटर. खऱ्या विमानावर एवढा गिलावा केला तर ते धावपट्टी सोडणार नाही, सोडलीच तर गच्ची म्हणून कोसळेल. त्या गिलाव्यात ब्रशचा एक केस राहिला होता. तोही गुणून पाहिला: पाच मिलिमीटर जाडीची दोरी. कपडे वाळत घालता येतील.

रंगाऱ्यांच्या भाषेत पहिला हात पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा मारायचा नसतो. हे मला माहीत होतं. घराला रंग काढला तेव्हा मीच रंगाऱ्याच्या मागे उभं राहून त्याला हे चारदा बजावलं होतं. पण अ‍ॅक्रिलिक रंग वरून वीसेक मिनिटांत वाळल्यासारखा दिसतो आणि जाड थर आतून ओलाच असतो. दुसऱ्या हाताचा ब्रश फिरताच पहिला हात साय निघावी तसा गोळा होऊन ब्रशबरोबर निघून आला. मी थांबायला हवं होतं. मी पंखा पाचवर केला. त्याने रंग वाळला नाही, पण घरातली धूळ होती ती पोचली.

आता सगळा रंग काढून नव्याने सुरुवात करायची, असा निर्णय झाला. अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. हे मी नंतर वाचलं. आधी मला दिसली ती ड्रेसिंग टेबलावरची बाटली. नखांचा रंग निघतो, तर पंखाचा का निघू नये? निघाला. पाठोपाठ पंखही निघाला. त्या बाटलीत अ‍ॅसिटोन असतं आणि हे संच पॉलिस्टायरिनचे असतात. अ‍ॅसिटोनपुढे पॉलिस्टायरिन विरघळतं. पंखाच्या खालच्या बाजूवर पॅनेलच्या नाजूक रेषा कोरलेल्या होत्या, त्यांचा चिकट लगदा झाला आणि त्यावर कापसाचे तंतू कायमचे वस्तीला आले.

"अहो, माझं रिमूव्हर कुठे गेलं?" आतून आवाज आला.

"हवाई दलाच्या कामी आलं," असं मी म्हणालो नाही. संसाराला तीस वर्षं होत आली की माणूस काही वाक्यं मनातच ठेवायला शिकतो.

खालची बाजू दिसत नाही, असं म्हणून मी पुढे गेलो. मिगच्या नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं असतं. आत रडार आणि अँटेना असतात, धातूतून त्यांच्या लहरी जाणार नाहीत, म्हणून तेवढे भाग धातूचे नसतात आणि वेगळे रंगवलेले असतात. हिरव्याची कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावायची असते. ती मऊ असते, रंग धरून ठेवत नाही. माझ्याकडे पार्सलं बांधायची चिकटपट्टी होती. ती ओढली, आणि शेपटीवरचा सगळा रुपेरी रंग अखंड, एकसंध, कुठेही ब्रशची रेघ न दिसता पट्टीवर आला. माझं आजवरचं सर्वांत चांगलं रंगकाम त्या चिकटपट्टीवर आहे.

कागदावरच्या, हवाई दलाच्या चिन्हाच्या चकत्या लावताना मात्र नशीब बरं होतं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कोमट पाण्यात कागद बुडवायचा, थोडं थांबायचं, आणि चकती हळूच सरकवायची. गोल असल्यामुळे उलटी लागायची भीती नाही. खडबडीत रंगावर चकती लावली की खाली हवा अडकते आणि कडेने रुपेरी चमक दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात द्यायला सांगतात. मी दिला नाही, चमक आली, पण विमानच रुपेरी असल्याने ती कोणाला दिसली नाही. एवढ्या उद्योगात रुपेरी रंगाने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. शेपटीवरचे तिरंगी पट्टे गोल नव्हते. एका बाजूला केशरी पुढे आहे, दुसऱ्या बाजूला मागे.

शेवटचा वार्निशचा फवारा मी बाल्कनीत मारला, बाहेर परतीचा पाऊस कोसळत असताना. फवाऱ्यातला द्राव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि थरात पांढुरकी धुंदी कोंडली जाते. अख्ख्या विमानावर धुकं उतरलं. ते अजून उठलेलं नाही.

दिवाळीच्या फराळाला शेजारचे काका आले. ओझरच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. विमान लपवायला उशीर झाला होता. काकांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली, चष्मा वर केला, विमान हातात घेतलं आणि सगळ्यात आधी उलटं केलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.

"हा कापूस कशाचा?"

"अपघात," मी म्हणालो.

"आणि हा खड्डा?"

"अंगठा."

"हं. रंग कुठला मारलास?"

"रुपेरी."

"ते दिसतंय. पण मारलास कशाला? अरे, सुरुवातीची मिगं रंगवलेली नसायचीच. तो उघडा धातू. वर फार तर पारदर्शक वार्निश." मग माझा चेहरा बघून आवाज जरा मऊ केला. "आणि रंग मारणं हे शेवटचं काम असतं रे. आधी पुसायचं. मग ग्रीस काढायचं. मग परत पुसायचं. तू धुतलंस का हे, सुरू करण्याआधी?"

संचाच्या कागदावर पहिलीच ओळ ती होती. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकटपणा त्यांवर राहतो. साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग धरत नाही. मी ती ओळ अशिक्षितांसाठी असावी असं समजून पान उलटलं होतं.

काकांनी विमान टेबलावर ठेवलं. ते मागे कललं आणि नाक वर करून शेपटीवर बसलं. तीन चाकांच्या विमानात शेपूट जड होते म्हणून जोडतानाच नाकात वजन भरायचं असतं, पण ते वेगळं प्रकरण आहे.

"हे बाकी जमलंय," काका म्हणाले. "टेक-ऑफ."

खालच्या मुलांनी मिग किल्ल्यासाठी मागून नेला. त्यांच्या चार इंची मावळ्याला या प्रमाणात मोजलं तर तो चोवीस फुटांचा भरतो, मिगच्या शेपटीपेक्षा उंच. मुलांना याचं काही नव्हतं. त्यांनी विमान मातीत नाकावर उभं केलं आणि बाजूला पाटी लावली: शत्रूचे विमान.

तर ज्यांना हा छंद धरायचाय त्यांनी रुपेरी विमानाच्या वाटेला जाऊ नये. रणगाडा घ्यावा. रणगाड्यांचं लोकप्रिय प्रमाण एकास पस्तीस. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा मोटारवाला संच काढला, त्यात मोटार आणि बॅटरी मावायला हवी म्हणून मॉडेलचा आकार ठरला आणि मग मोजलं तेव्हा ते पस्तीस निघालं. इतकी समजूतदार माणसं या क्षेत्रात आहेत. मुख्य म्हणजे रणगाड्याला चिखल माखलेला चालतो. ओघळ, केस, अंगठा, सगळं त्या चिखलात जातं आणि बघणारा म्हणतो, काय बारकावे आहेत!

माझ्याकडे रुपेरी रंगाची बाटली उरली आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. कोणाला हवी असल्यास फुकट घेऊन जावी. येताना पक्कड आणा, झाकण चिकटलंय.