जुळवणीवाले भाऊसाहेब

भाऊसाहेबांची रायफल आता होतच आली आहे. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातही ती होतच आली होती. मधल्या काळात त्यांची थोरली मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, घरावर नवं छप्पर आलं, देशाचे अध्यक्ष दोनदा बदलले. रायफल मात्र कधी एका स्प्रिंगपाशी, कधी एका स्क्रूपाशी अडलेली. "एवढं हँडगार्डचं ठरलं की झालं," असं ते प्रत्येक पॉटलकला सांगतात, आणि ऐकणारे मसालेभात वाढून घेत मान डोलावतात.

सोयीसाठी त्यांना भाऊसाहेब म्हणू. डेट्रॉइटच्या आसपास जिथे म्हणून चार मराठी बिऱ्हाडं आहेत तिथे असा एक गृहस्थ निघतोच. वय पन्नाशीच्या आगेमागे, नोकरी मोटारींचे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, घर ॲन आर्बरला पॅकार्ड स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत. म्हणजे फुटबॉलच्या शनिवारी मिशिगन स्टेडियममधल्या लाखभर लोकांची आरोळी थेट स्वयंपाकघरात. घराखाली तळघर. इतरांच्या तळघरात ट्रेडमिलवर कपडे वाळत असतात, भाऊसाहेबांच्या तळघरात पांढऱ्या डब्यांची उतरंड आहे. प्रत्येक डब्यावर लेबल आणि लेबलावर त्यांचं सुवाच्य अक्षर: 'बफर स्प्रिंग, जुनी'. 'बफर स्प्रिंग, नवी'. 'बफर स्प्रिंग, परत करायची'.

माणूस हिंसक आहे का? छे! न्हाणीघरात कोळी निघाला तर त्याच्यावर पेला पालथा घालून, खालून पत्रिकेचा जाड कागद सरकवून, त्याला अंगणात सोडून येणारा हा माणूस. गोळीबाराचा एकूण अनुभव एनसीसीतला. पॉइंट टू-टू रायफल, पाच गोळ्या; त्यातल्या दोन शेजारच्या कॅडेटच्या टार्गेटवर सापडल्या. त्या कॅडेटला बक्षीस मिळालं.

मग हे बंदुकीचं कुठून निघालं? ग्रीन कार्डातून. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला इथल्या कायद्याने सहसा बंदूक घेता येत नाही. दुकानात 4473 नंबरचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, त्यात तसा सरळ प्रश्नच आहे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब असते हे वाचकांना सांगायला नको. भाऊसाहेबांची तीत बारा वर्षं गेली. बारा वर्षं एखाद्या गोष्टीला कुणी 'नाही' म्हणत राहिलं की तिची गरज आपोआप तयार होते. कार्ड हातात पडलं त्या आठवड्यात त्यांनी सत्यनारायण घातला आणि एक्सेलची नवी फाइल उघडली. पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात आलं, की व्हिसावरच्या माणसालाही एक पळवाट होती: त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर चालतं. "म्हणजे हरणाचा परवाना काढला असता तरी भागलं असतं!" असं म्हणून ते फार हळहळले. केकात अंडं आहे का, हे विचारून खाणारा माणूस.

रायफल ठरली ती एआर-15. युजीन स्टोनर नावाच्या इंजिनिअरने आर्मालाइट कंपनीत असताना 1950च्या दशकात तिची रचना केली, 1959 मध्ये तिचे हक्क कोल्टने घेतले आणि पेटंटची मुदत सरल्यावर कितीतरी कारखाने तिचे भाग करू लागले. केंद्रीय कायद्याच्या लेखी यातला 'लोअर' नावाचा, नंबर ठोकलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा तेवढा बंदूक. तो दुकानात जाऊन, फॉर्म भरून, चौकशी होऊन घ्यायचा. बाकी नळी, घोडा, दस्ता, सगळं टपालाने दारात. मराठी इंजिनिअरच्या हाती यापेक्षा घातक काही देता येणार नाही, आणि हे मी गोळीबद्दल म्हणत नाही.

भागात भाग बसतो खरा, पण एकेका भागाची बाजारात पन्नास घराणी. मग भाऊसाहेब पत्रिका जुळवायला बसतात. या नळीचे आणि त्या बोल्टचे गुण किती जमतात? हँडगार्ड रंगाने छान, अंगाने हलकं, पण घराणं नवं. गायसली कंपनीचा घोडा लाखात एक, पण मागणी आपल्या ऐपतीबाहेरची. नळी सोळा इंचांहून आखूड घ्यावी म्हटलं तर 1934 चा केंद्रीय कायदा मंगळ होऊन आडवा येतो. आपल्याकडे अठरा गुणांवर लग्नं लागतात आणि बरीचशी टिकतात. भाऊसाहेबांना छत्तीसच्या छत्तीस हवेत, म्हणून सगळे भाग उपवर होऊन डब्यांत बसून आहेत.

एकदा मी त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या एका दुकानात गेलो होतो. गल्ल्यावरच्या दाढीवाल्याने त्यांची चार पानी यादी शांतपणे पाहिली, मागच्या भिंतीकडे अंगठा केला आणि सुचवलं, की तयार रायफल घेऊन टाका, यादीच्या निम्म्या पैशांत होईल, आजच घरी न्याल. भाऊसाहेबांचा चेहरा असा उतरला की त्या बिचाऱ्यालाच अपराधी वाटलं. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. यप्सिलांटी मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, "तयार घ्यायची तर मग माणसाने शिकायचं कशाला?"

सगळ्यांत करुण कहाणी लाल ठिपक्याची. नेम धरण्यासाठी काचेत लाल ठिपका दाखवणारं एक यंत्र असतं. भाऊसाहेबांनी स्वीडनच्या एमपॉइंटचं आणलं. एका बॅटरीवर हा ठिपका पन्नास हजार तास जळतो, असं कंपनी सांगते. म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर. सर्वांत आधी आलेला भाग तोच. भाऊसाहेबांनी तो सुरू करून पाहिला, समाधान पावले आणि तसाच डब्यात ठेवला. गेल्या हिवाळ्यात ठिपका विझला. कंपनीने शब्द पाळला होता.

मोटारींच्या धंद्यात डीएफएमईए नावाचा एक तक्ता भरतात. काय बिघडू शकतं, बिघडलं तर प्रकरण किती गंभीर, बिघडण्याची शक्यता किती, आणि आधी कळणं किती अवघड. तिन्हीला एक ते दहामधले आकडे द्यायचे आणि गुणाकार करायचा. मोठा गुणाकार, मोठं संकट. भाऊसाहेबांनी हा तक्ता घरासाठी भरला. दरोडेखोर: गांभीर्य 10, शक्यता 1, कळण्याची अडचण 2, गुणाकार 20. माणूस प्रामाणिक, त्यामुळे त्याच तक्त्यात तळघरातला संप पंपही घातला होता. बर्फ वितळायला लागलं की जमिनीतलं पाणी वर येतं, आणि पंप पंधरा वर्षांचा म्हातारा: 7 गुणिले 6 गुणिले 5, म्हणजे 210. तक्ता स्वच्छ सांगत होता, की या घरावर चाल करून येणार आहे ते पाणी.

"मग आधी पंप बदला ना," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पंपात निवडण्यासारखं आहे काय?"

पंप अजून तोच आहे.

खरं तर या गावात रात्री-अपरात्री आत घुसणारी जमात एकच, हरणांची. 2016 च्या हिवाळ्यापासून काही वर्षं नगरपालिकेने नेमबाज लावून ती कमी करून पाहिली, आणि त्यावरून गावात जे रण माजलं त्याला तोड नाही. वहिनींची गवार दर श्रावणात एक हरिणी येऊन शेंड्यापर्यंत साफ करते. भाऊसाहेब काचेआडून तिच्याकडे बघतात, ती भाऊसाहेबांकडे बघते. शहराच्या हद्दीत बंदूक झाडायला बंदी आहे, हे दोघांनाही माहीत असावं.

मग कोन आले. इथली घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती अर्ध्या इंची जिप्समच्या. गोळीला असल्या भिंतीचं सोयरसुतक नसतं, ती पलीकडे जातेच. म्हणून भाऊसाहेबांनी ग्राफ पेपरवर घराचा नकाशा काढला. जिन्याच्या वरच्या पायरीवर स्वतः, खाली दारात चोर, आणि तिथून तांबड्या पेन्सिलीने रेषा. एक रेषा धाकट्या मुलाच्या खोलीत गेली. एक देव्हाऱ्यातून आरपार. एक शेजारच्या निवृत्त प्राध्यापिकाबाईंच्या पियानोत. बरीच खोडाखोड झाल्यावर एक रेषा निर्धोक निघाली, ती फ्रीजरमध्ये संपत होती. वहिनींनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा जवळून पाहिला. म्हणाल्या, "इथे माझं ओलं खोबरं आणि आमरस आहे. चोराला म्हणावं, जरा डावीकडे सरकून उभा राहा."

भाऊसाहेबांचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. 1869 सालचा कारखाना. त्यात त्यांची सारी नोकरी काडतुसं तपासण्यात गेली. घरी संरक्षणाची व्यवस्था म्हणजे कडी, कोयंडा, दाराआड वेताची काठी आणि शेजारचे रात्रपाळीवाले काका. भारतात 1959 च्या कायद्याखाली बंदुकीला परवाना लागतो आणि परवान्याला कारण लागतं. वडिलांना कारण कधी सुचलं नाही. एका रविवारी भाऊसाहेबांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर नवी नळी दाखवली. वडिलांनी ती फोनवरच इकडून तिकडून फिरवायला लावली आणि विचारलं, "इन्स्पेक्शनचा शिक्का कुठाय?" सोमवारी नळी परत गेली.

वहिनींच्या आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या त्या वर्षीची खंडेनवमी तर पाहण्यासारखी झाली. पाटावर विळी, गाडीची किल्ली, लॅपटॉप, टॉर्क रेंच आणि मधोमध लोअर. आजींनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "जावईबापू, बंदूक कुठाय?"

"ही काय, आई. खाली डब्यांत आहे ती धरून, सगळी मिळून."

"बरं, मग अक्षता जिन्यावरून खाली टाकते."

त्या रात्री भाऊसाहेब कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेऊन बाराच्या पुढपर्यंत लोअरमधलं कुंकू टिपत बसले होते.

यातला एक भाग मला विनोदी वाटत नाही. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर ऑक्सफर्ड गाव आहे. 30 नोव्हेंबर 2021 रोजी तिथल्या हायस्कुलात पंधरा वर्षांच्या मुलाने, बापाने नुकत्याच घेतलेल्या पिस्तुलाने, चार विद्यार्थी मारले. 2024 मध्ये त्याच्या आईबापांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 13 फेब्रुवारी 2023 ला ईस्ट लान्सिंगच्या विद्यापीठात गोळीबारात तीन विद्यार्थी गेले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मिशिगनमध्ये नवा कायदा लागू झाला, की घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलपात हवी. भाऊसाहेबांचा धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा. त्यांनी कायदा कलमांखाली रेघा मारत पुरता वाचला आणि तिजोरीचा अभ्यास सुरू केला. बोटाचा ठसा बरा की आकडे? किती सेकंदांत उघडते? पत्रा किती गेजचा? त्यापायी रायफल आणखी वर्षभर लांबली, त्याबद्दल मी त्या तिजोरीवाल्यांचा आभारी आहे. आता लोअर एका कुलपात आहे आणि नळी दुसऱ्या. दोन्ही किल्ल्या वहिनींकडे, मंगळसूत्र ठेवायच्या डबीत.

शेवटी चोर आलाच. नोव्हेंबरातला शनिवार, मिशिगनने सामना मारलेला, रात्रीचा दीड वाजलेला. दाराचं हँडल हललं. कुणीतरी कुलपाचे आकडे दाबत होतं, चुकत होतं, शिवी देऊन पुन्हा दाबत होतं. भाऊसाहेब ताडकन उठले. "तू वरच थांब," असं बजावून तळघरात उतरले.

वहिनी वर थांबल्या नाहीत. त्यांनी ओट्याशेजारची खिडकी जरा सरकवून पाहिलं. पिवळ्या-निळ्या स्वेटशर्टातलं एकोणीस-वीस वर्षांचं पोर, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता ओला मोजा, दाराला टेकून रडवेलं झालेलं. मित्रांबरोबर भाड्याने घेतलेलं घर त्याला सापडत नव्हतं; ते पुढच्या गल्लीत होतं, नंबर तोच. वहिनींनी खिडकीतूनच त्याची उलटतपासणी घेतली, मित्राला फोन लावायला लावला, पाण्याची बाटली दिली. काही खाल्लंय का विचारलं तर पोर मान हलवेना. रात्रीचं थालीपीठ उरलं होतं, ते कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून बाहेर सरकवलं.

खाली भाऊसाहेबांची मात्र धांदल. लोअर कुलपात, किल्ली वर डबीत, बोल्ट परत पाठवलेला, लाल ठिपका विझलेला. सगळ्या उतरंडीत पूर्ण, चालू आणि हाताशी असा भाग एकच होता: रायफलच्या पुढे लावायचा टॉर्च, हजार लुमेनचा. तो घेऊन ते मागच्या दाराने निघाले, घराला वळसा घातला आणि झगझगीत उजेड पोरावर सोडला. पोराने दोन्ही हात वर केले. एका हातात अर्धं थालीपीठ. समोरच्या तीन घरांत दिवे लागले, प्राध्यापिकाबाई गाऊनवर बाहेर आल्या, आणि मित्र येऊन पोराला घेऊन जाईपर्यंत भाऊसाहेब टॉर्च बंद करायला विसरले.

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तेव्हा भाऊसाहेब विचारमग्न होते.

"उजेड भरपूर पडला," ते म्हणाले, "पण झोत अरुंद आहे. चेहरा दिसला, हातात काय आहे ते कळेना."

"थालीपीठ होतं," वहिनी आतून म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. थालीपीठ आहे हे कळायला नको?" आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. फाइलमध्ये टॉर्चसाठी नवं पान उघडलं होतं, अकरा नावं भरून झाली होती.