शेडकरी

इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, कॉव्हेंट्री-नॉर्दम्प्टनच्या आसपास, शेडकऱ्यांची वस्ती दाट आहे. शेडकरी दिवसा कुणी विमा कंपनीत हिशेबनीस असतो, कुणी शाळेत भूगोल शिकवतो, कुणी नगरपालिकेत कचऱ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक आखतो. संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवार अखंड तो मागच्या अंगणातल्या शेडमध्ये सापडतो. शेडमध्ये मोटार असते. असते म्हणजे होऊ घातलेली असते. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अर्धवट रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि चार कोपऱ्यांखाली चार स्टँड. चाकं नसतात. कोणती घ्यायची, हे अजून ठरायचं असतं.

इंजिनाला इतका वेळ लागलेला नसतो. आमच्या कुंपणापलीकडच्या शेडकऱ्याने इंजिन एका दुपारी घेतलं. भंगारवाल्याकडे फोर्डचं पडलेलं होतं, हलवून पाहिलं, उचललं. राहतं घरही त्याने पहिल्याच फेरीत पसंत केलं होतं म्हणे. लग्न किती वेळात ठरवलं, हे विचारायची माझी छाती नाही. टायर मात्र काही केल्या ठरत नाहीत.

या छंदाचा मूळपुरुष कॉलिन चॅपमन. १९५७ साली त्याने लोटस सेव्हन काढली. दार नाही, छप्पर नावापुरतं, वजन मुळीच नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांची पेटी नेली तर तो वाचायचा. पण पेटीत जोडणीच्या सूचना घातल्या की सवलत गेली. म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या खालून वर वाचल्या, अशी कथा शेडकऱ्यांत मोठ्या भक्तीने सांगितली जाते. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं. आकडा पुस्तकाच्या नावातच होता. ते हजारोंनी विकत घेतलं आणि हजारोंच्या बायकांनी तो आकडा पाठ करून ठेवला. आमच्या शेडकऱ्याचे २५० पौंड तर टायरचा विचार करतानाच्या चहा-बिस्किटांत गेले असतील.

त्याच्याशी बोलायचं तर आधी टायरच्या कडेवरची लिपी वाचता यायला हवी. १८५/६० आर १३. टायर १८५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर, आर म्हणजे रेडियल आणि १३ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच यांचा संसार ज्यांनी थाटला, त्यांना कुणी जाब विचारलेला नाही. शेडकऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तो स्वतः उंची फुटांत, वजन स्टोनमध्ये आणि नटबोल्ट मिलिमीटरमध्ये मोजतो.

खरी गंमत वजनाची आहे. ही गाडी साडेपाचशे किलोंची. टायरवर ८२ असा भारांक असला, तर तो एकटा टायर ४७५ किलो पेलतो. चार मिळून १९०० किलो. म्हणजे गाडी, शेडकरी, त्याची बायको, सासू आणि सासूचं कपाट एवढं सगळं घातलं तरी टायरला कुणी बसल्याची चाहूल लागू नये. जास्त वजनाच्या गाड्यांसाठी घडलेला हा टायर इथे तापतच नाही, आणि न तापलेलं रबर रस्ता नीट धरत नाही. म्हणून हवा कमी ठेवायची. तुमच्या-आमच्या गाडीत ३२ पौंड, याच्या गाडीत १८. गाडीत माणूस बसल्यावर एका चाकावर साधारण १६० किलो येतात आणि १८ पौंडांच्या हिशेबाने प्रत्येक टायर सव्वाशे चौरस सेंटिमीटरच रस्त्याला टेकतो, जेमतेम तळहाताएवढा. टायर रुंद घेतला तरी हवा तेवढीच ठेवली, तर तळहाताचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. तो आडवा होतो, इतकंच.

या 'इतकंच'वर त्याने तीन हिवाळे काढले आहेत.

शेडकऱ्यांत दोन पंथ आहेत. रुंदपंथी म्हणतात, आडव्या तळहाताने वळणावर पकड चांगली मिळते, शिवाय मागून गाडी दिसते कशी! अरुंदपंथी म्हणतात, हलकी गाडी आणि रुंद टायर पाण्यावर गेले की गाडी तरंगायला लागते, आणि या देशात पाण्यावाचून रस्ता पाहिलाय कुणी? त्यांच्या हातात एक हुकमी पान आहे. खुद्द केटरहॅमने सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घालून एक सेव्हन काढली आणि तिला टायर दिले १५५/६५ आर १४. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या मारुतीला शोभावेत इतके सडपातळ. मागचं चाक जरा घसरतं, पण माणसाला सांगून, सावकाश घसरतं, आणि मजा त्यातच आहे, असं हे लोक डोळे मिटून सांगतात. मला विचाराल तर त्यांचं पटतं. पण मला कुणी विचारत नाही. शेडकऱ्याला उत्तर नको असतं, ऐकणारा हवा असतो.

रुंदीचा वाद थोडा निवला की व्यासाचा पेटतो. एका संध्याकाळी त्याने मला शेडच्या भिंतीवर खडूने मांडलेलं गणित दाखवलं. १७५/७० आर १३ चा बाहेरचा व्यास ५७५.२ मिलिमीटर, १९५/५० आर १५ चा ५७६ आणि १८५/६० आर १४ चा ५७७.६. "तीन वेगळे टायर आणि फरक अडीच मिलिमीटरसुद्धा नाही!" त्याचा आवाज भरून आला होता.

"मग कुठलाही घे की."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. व्यास सारखा, पण पंधराचं रिम जड, त्यात स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वजन वाढणार, गाडी खड्ड्यात दणके देणार. तेराचं हलकं, पण आत मोठा ब्रेक मावत नाही. आणि त्याच्या मनात खरा भरलेला १८५/६० आर १३ तर ५५२ मिलिमीटरचाच. चाक लहान झालं की गिअर आखूड होतात, गाडी उसळून निघते. मात्र स्पीडोमीटर त्या चाकावर लावून पुढे मोठं चाक चढवलं, तर काटा ७० दाखवताना गाडी ७३ ने पळते. सरकारी तपासणीत काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवताना सापडला की गाडी नापास. तपासणीत मडगार्डही मोजतात. टायरची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे, चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश, मागे ५०. टायर एक माप रुंद घेतला की मडगार्ड नवं, मडगार्ड रुंद झालं की त्याचा दांडा नवा, आणि चाक वळताना ते सगळं कशाला तरी घासणार.

त्यातून रिम जमायला पत्रिका जुळावी लागते. चार नट किती मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात हा पहिला गुण. जुन्या एस्कॉर्टचा हब असेल तर १०८, माझदा एमएक्स-५ चा असेल तर १००. आठ मिलिमीटरवरून कित्येक सुस्वरूप रिम नाकारली गेली आहेत. मग ऑफसेट, मग मधल्या भोकाचा व्यास. सगळे गुण जुळले की रंग पसंत पडत नाही.

वजनाची खात्री करायला त्याने न्हाणीघरातला वजनकाटा शेडमध्ये नेला. नुसत्या रिमचं वजन दिसावं म्हणून टायरचे सात किलो वजा होतील असा काटा मागे सरकवला, आणि काटा तसाच परत ठेवून दिला. त्याची बायको आहारातल्या बदलावर फार खूश होती. तीन मैत्रिणींना तिने तो आहार सांगूनही टाकला. खरं कळलं त्या दिवशी शेडमधून बराच वेळ काही आवाज आला नाही.

तिच्या स्वतःच्या गाडीची गोष्ट याहून भारी. वार्षिक तपासणीत त्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर नापास झाले. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, इथे हात फिरवला तर गुळगुळीत. गॅरेजवाल्याने फोनवर माप विचारलं. टायरविषयी सलग दोन तास बोलू शकणाऱ्या या माणसाने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सांगितलं, "काळे आहेत."

ही लागण फक्त गोऱ्यांना होते असं नाही. २००८ मध्ये टाटांनी जग्वार-लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्या-पिंपरीकडचे इंजिनिअर कॉव्हेंट्रीच्या बाजूला कामाला येऊ लागले, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याच वर्षी शेड भाड्याने घेतली. चिंचवडहून त्याचे वडील आले होते. त्यांनी सांगाड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"छप्पर?"

"नाहीये, बाबा."

"सामान कुठे ठेवायचं?"

"नाही ठेवायचं."

"आणि टायर का नाहीत?"

"एकशे पंचाऐंशी घेऊ की पंच्याण्णव, ते ठरत नाहीये."

"किती वर्षं?"

मुलगा गप्प. बाबांनी चष्मा काढून पुसला. "अरे, तुझ्या आईला मी अर्ध्या तासात होकार दिला होता." आतून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, त्यांना ती उदाहरणं देऊ नका. आमच्या वेळी यांनी आठ महिने घेतले होते."

आमच्या कुंपणापलीकडच्याने शेवटी एकदा टायर घेतले. सवलतीत होते, १८५/६० आर १३, मऊ रबराचे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याने ते शेडच्या माळ्यावर ठेवले आणि त्यावर कोणतं रिम शोभेल या विचाराला लागला. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. परवा त्याने टायर खाली काढले, शिक्का वाचला आणि नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. एक मैलही न चालता टायर म्हातारे झाले होते.

तो धावतच कुंपणाशी आला. मी सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, पण चेहरा तर उजळलेला! "रबर कडक झालंय," तो म्हणाला, "हे आता लावता येणार नाहीत. आणि ऐक, रोजच्या गाड्या सगळ्या पंधरा-सोळावर गेल्यात, तेरा इंचीत निवडीला फारसं काही उरलेलं नाही. म्हणजे चौदाचा विचार पहिल्यापासून करायला हवा. गिअर, मडगार्ड, ब्रेक, सगळंच नव्याने!" त्याच्या हातात खडू होता.

त्याची बायको दोन कप चहा घेऊन शेडकडे निघाली होती. तिने ते सगळं ऐकलं, त्याच्या वाटचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बस. आज तुझी पाळी."