पुरुष सिरियल बघत नाहीत

पुरुष सिरियल बघत नाहीत. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. ते फक्त 'जेवायला कधी वाढताय?' एवढं विचारायला दारात आलेले असतात आणि सासूनं दागिने कुठं लपवले हे कळेपर्यंत तिथंच भूक विसरून उभे राहतात. २०१७ साली 'लागिरं झालं जी' सुरू झाली, तेव्हा त्यांची सोय झाली. बोली साताऱ्याकडची, नायक फौजी आणि इथं तर गावोगावी घरटी कुणीतरी सैन्यात. मग ते सिरियल बघणं राहिलं नाही, देशसेवा झाली. बाप्यामाणसांना राजरोस खुर्ची ओढून बसता आलं.

बायकांना असलं निमित्त लागत नाही. त्या उघड बघतात, पण रिकाम्या हातानं नाही. समोर मेथी असते, नाहीतर शेंगांची पाटी. जाहिरात लागली की कुकर चढतो. निम्मा भाग तर स्वयंपाकघरातून नुसता ऐकायचा असतो. मालिकेतली माणसं एकच गोष्ट तीनतीनदा बोलतात, ती बहुधा फोडणीच्या आवाजात हुकू नये म्हणूनच. पुरुषाच्या हाताला काम एकच, रिमोट धरायचं.

त्याची खरी मालिका म्हणजे बातम्या. १८ ऑक्टोबर २०१९ ला शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले. तो पाऊस त्यानं पुढं कितीतरी दिवस पाहिला, दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर एकनाथ शिंदे आपल्या दरे गावी गेले, तेव्हा ते रुसलेत की आजारी आहेत, यावर चहाचे कप रिकामे झाले. 'आमच्यातली सून माहेरी गेली की नाकं मुरडता, आणि आता?' या बायकोच्या प्रश्नाला उत्तर आलं, 'हे राजकारण आहे.'

क्रिकेटचं राज्य तेवढं त्याच्याकडं होतं. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिला संघानं विश्वचषक जिंकला आणि तेही गेलं. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. अंतिम सामन्यात ती ४५ वर बाद झाली, तेव्हा तो फटक्यातली चूक समजावत होता आणि ही म्हणत होती, 'दमली असंल पोरगी.' सामना दोघांनीही एकाच सोफ्यावर बसून संपवला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चर्चेकडं वळला, ती मालिकेकडं. निदान तिच्याकडं महाएपिसोडला कुणाचं तरी लग्न लागतं.