तारेने आलेली बातमी

‘पामिटॉईल पेंटापेप्टाइड-4’ हे नाव अडखळत म्हणून होईपर्यंत कपाळावर एक नवी आठी पडून गेलेली असते. सुरकुत्यांवरच्या क्रीमच्या डबीवर ते मागच्या अंगाला छापतात, तेही इतक्या बारीक अक्षरांत की ज्या वयाला त्याची गरज त्या वयाला ते वाचता येऊ नये. पुढच्या अंगाला ‘पेप्टाइड’ हा शब्द सोनेरी आणि ठसठशीत असतो. मागे मात्र आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग कसली कसली तेलं आणि मेणं, आणि अगदी तळाशी, वाचणाऱ्याचा धीर सुटतो तिथे, हे महाशय. या बाबतीत ज्याचा नेहमी हवाला दिला जातो त्या 2005 सालच्या अभ्यासात या पेप्टाइडचं प्रमाण होतं 10 लाख भागांत 3 भाग. त्या हिशेबाने 30 ग्रॅमच्या डबीत ते मिठाच्या एक-दोन कणांएवढं भरेल. बाकीची डबी म्हणजे त्या दोन कणांची वरात.

एवढ्याशाने काय होणार, असं कुणालाही वाटेल. कारण क्रीम म्हटलं की आपल्या मनात पोषण येतं. आपण लहानपणापासून साय, हळद, डाळीचं पीठ चोळत आलो, आणि चेहऱ्याला काहीतरी खायला घातलं की तो बाळसं धरतो अशी एक घरगुती श्रद्धा आपल्यात मुरलेली आहे. पेप्टाइड चेहऱ्याला काही खायला घालत नाही. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली की त्यांची साखळी होते. साखळी लांबलचक असली तर प्रथिन आणि आखूड असली तर पेप्टाइड. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1901 साली ग्लायसिनचे दोन रेणू जोडून अशी सर्वांत आखूड साखळी केली, तेव्हा आपण कुणाच्या तरी गालांची सोय करतो आहोत हे त्याच्या स्वप्नातही नसेल. क्रीममधल्या या साखळीत जेमतेम पाच दुवे आहेत: लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन, सेरीन. पाच शब्द, त्यातले दोन दोनदा. ही सामग्री नव्हे, हा निरोप आहे. मला तर ती सरळ तारच वाटते.

तार म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, कारण आपल्याकडची तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. शब्दामागे पैसे पडत, म्हणून तारेत एकही शब्द शोभेचा नसे. दारात तारवाला दिसला की माझी आजी आधी खाली बसून घ्यायची, मग कुणीतरी तार फोडायची. पण याच आजीने एकदा स्वतः एक तार पाठवली होती. काका तेव्हा भिलाईला नोकरीला होता आणि लग्नाचा विषय निघाला की त्याला रजा मिळेनाशी होई. आजीने पोस्टात जाऊन पाच शब्दांत आपण अत्यवस्थ असल्याचं त्याला कळवलं. काका मिळेल त्या गाडीने, उभ्याने प्रवास करून, दाढी वाढलेल्या अवस्थेत घरी पोचला तेव्हा अत्यवस्थ आई ओट्यापाशी पुरण वाटत होती आणि बाहेरच्या खोलीत पाहायला आलेल्या मुलीचे वडील पान जमवत होते. काका चिडला, पण थांबला. ती मुलगी म्हणजे माझी काकू.

पेप्टाइडची तारही याच जातीची. त्वचेच्या आत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, त्याच्यावर चेहऱ्याची सगळी उभारी. त्याची तिपेडी गुंफण कशी असते हे मद्रासमध्ये बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 च्या सुमारास मांडलं, आणि त्यासाठी त्यांना उपयोगी पडला कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध. अमुक अभिनेत्रीचे गाल आणि कांगारूची शेपूट एकाच दोराने विणलेली आहेत, हे ज्ञान सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत कधी येत नाही याचं मला वाईट वाटतं. हा दोर विणतात त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. वय वाढतं तसं त्यांचं हातमागाचं काम मंदावतं. मात्र कोलॅजेनचे सुटे तुकडे आसपास आढळले की त्या सावध होतात. कुठेतरी काही मोडलंय, विणायला घ्यायला हवं, असं समजून कामाला लागतात. जीएचके नावाचा तीन दुव्यांचा असाच एक तुकडा लोरेन पिकार्ट यांना 1973 मध्ये माणसाच्या रक्तद्रवात सापडला. तो आपल्याबरोबर तांबं घेऊन हिंडतो. (रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने ‘त्यात काय नवीन’ अशी मान हलवली असती. नवीन पुष्कळ आहे, पण तिच्यापुढे बोलणार कोण.) आपला पाच दुव्यांचा तुकडा तर कोलॅजेन तयार होताना कापून टाकल्या जाणाऱ्या शेवातलाच. क्रीममधून तो आत पाठवायचा, म्हणजे मोडतोड काहीच झालेली नसताना मोडतोडीची बातमी पाठवायची.

पाठवायची खरी, पण पोचायची कशी? त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाहून पातळ, तरी पहाऱ्याला कडक. 500 डाल्टनहून जड रेणूला तो सहसा आत घेत नाही, असा एक ढोबळ नियम आहे. आपला तुकडा 563 डाल्टनचा, शिवाय पाण्याच्या गोताचा. आणि हा पहारा सगळा स्निग्ध. म्हणून त्याच्या पाठीला पामिटिक आम्ल चिकटवतात. पाम तेलात ते मुबलक असतं, आपल्या साजूक तुपातही असतं. त्याने वजन 802 वर जातं. म्हणजे जो जाड म्हणून दारात अडला त्याला आणखी जाड करायचं, पण तूप लावून, की मग तो थोडाफार निसटतो! सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी काम काढून घेतलं आहे त्याला हे रसायनशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

आठ्यांसाठी निराळं पेप्टाइड आहे, अर्जिरलीन नावाचं, सहा दुव्यांचं, बार्सिलोनाचं. मज्जातंतूकडून स्नायूला ‘आवळ’ असा हुकूम जातो, त्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाच्या टोकाची ते नक्कल करतं आणि त्याची जागा अडवून बसतं. 2002 मध्ये ते शोधणाऱ्यांनीच 30 दिवसांत सुरकुत्यांची खोली 30 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं लिहिलं. असाच हुकूम अडवणारं बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं. वरून चोपडलेलं पेप्टाइड तिथवर किती उतरत असेल याविषयी त्वचेचे डॉक्टरही साशंक असतात. त्यापेक्षा मला पहिली तार आवडते. हुकूम अडवण्यापेक्षा कामाला उठवणं बरं. आणि साठ-सत्तर वर्षं ऊन खाल्लेल्या पेशी अजून अशा निरोपावर विश्वास ठेवून उठतात, खरंखोटं न करता हाताशी असेल ते विणायला घेतात, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. काकाने निदान दोन दिवस अबोला धरला होता.

पण उठून त्या किती विणतात? 2005 च्या त्या अभ्यासात 93 बायका होत्या, 35 ते 55 वयाच्या. बारा आठवडे त्यांनी अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडचं क्रीम लावलं आणि अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइडशिवाय. कुठल्या बाजूला काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या अधिक कमी झाल्या. फरक मोजता येईल एवढा होता, शेजारीण दचकेल एवढा नव्हता. अभ्यास करणारे क्रीमवाल्यांच्या घरचेच होते, हेही सांगायला हवं. याच्या उलट एक प्रयोग कुणी न ठरवता झाला. अमेरिकेत 28 वर्षं मालाचा ट्रक चालवणाऱ्या 69 वर्षांच्या एका माणसाचं छायाचित्र 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलं. खिडकीकडचा त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. काचेतून आत येणारं अतिनील ऊन इतकी वर्षं एकाच गालावर पडत राहिलं. आपल्या एसटीत हा मान उजव्या गालाचा. पेप्टाइडने जे कमवायचं ते उन्हात चार फेऱ्या मारून घालवू नये, म्हणून डॉक्टर सनस्क्रीन आधी सांगतात.

हे सगळं मी काकूला सांगत होतो, कारण नातीने तिला वाढदिवसाला असली डबी दिली होती आणि ती उघडावी की नाही असा तिच्यापुढे प्रश्न होता. कांगारू, तूप, तार सगळं तिने ऐकून घेतलं. तारेपाशी हसली, ते हसू गालावरून डोळ्यांच्या कडांपर्यंत गेलं आणि तिथल्या प्रत्येक रेघेत थांबत थांबत परत आलं. मग गंभीर झाली.

“त्या बायकांच्या दुसऱ्या अर्ध्या चेहऱ्याचं काय केलं रे मग?”

“काय करायचं? अभ्यास संपला.”

“म्हणजे तसंच सोडलं?” काकू म्हणाली. “निदान एकेक डबी तरी हातावर ठेवायची बिचाऱ्यांच्या.”