श्री. अभ्रक, मुक्काम कोडरमा, यांस

झारखंडातील कोडरमा-गिरिडीह पट्ट्याचे जुने रहिवासी श्री. अभ्रक यांस कळविण्यात येते की, त्यांच्या अंगची चमक ही आता त्यांची खासगी बाब राहिलेली नाही. पेटंट, म्हणजे शोध जाहीर करण्याच्या मोबदल्यात शोधकाला ठरावीक मुदतीपुरता मिळणारा मक्तेदारीचा हक्क, निसर्गात सापडलेल्या खनिजाला नव्हे तर त्यावरील मानवी संस्काराला मिळतो, आणि श्री. अभ्रक यांनी कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून राहण्यापलीकडे काही केल्याची नोंद नाही.

याउलट ड्यूपाँट कंपनीच्या हॉवर्ड लिंटन यांनी अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवला आणि १९६३ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग उठवतात आणि काही मावळवतात, त्यामुळे थर जाड होत गेला की तीच पूड रुपेरीची सोनेरी, मग तांबूस, निळी, हिरवी दिसू लागते. प्रसाधनांतला मोतिया तजेला पूर्वी माशांच्या खवल्यांतूनही काढला जाई. तेव्हा या पेटंटाविषयी निदान मासळीची तरी तक्रार नसावी.

खरी मौज पुढची आहे. थर चढवणे सर्वांना जमू लागल्यावर नावीन्य कणांच्या मापांत शोधले जाऊ लागले. एकार्ट या जर्मन कंपनीच्या बहुस्तरीय रंगद्रव्यांच्या पेटंटात कणमापांचा विस्तार ०.७ ते १.४ असावा, अशी अट आहे. ९० टक्के कण ज्या मापाखाली येतात त्यातून १० टक्क्यांचे माप वजा करून ५० टक्क्यांच्या मापाने भागले की हा विस्तार मिळतो. बारीक चुरा वगळल्याने झळाळी वाढते, हे खरेच. परंतु अशा आकडेबद्ध दाव्यांत वाद असा उभा राहतो की, जुन्या पुडीचे हे गुणोत्तर कोणी नोंदवलेच नसेल, तर नवी पूड म्हणावी की नवा केवळ आकडा? पूड जुनीच आहे हे सिद्ध करण्यास हरकतदाराला जुनी पूड मिळवून मोजून दाखवावी लागते, आणि मोजपट्टी बदलली की कापडही नवे, असे म्हणण्यास प्रतिपक्ष मोकळा असतो.

अशा एखाद्या पेटंटाला श्री. अभ्रक यांची हरकत असल्यास, युरोपीय पेटंट कार्यालयाकडे ती मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून नऊ महिन्यांत, शुल्कासह, लेखी नोंदवावी. हितसंबंध दाखवण्याची गरज नसल्याने हा दरवाजा 'ढिबरा', म्हणजे टाकाऊ अभ्रकाचे तुकडे, वेचणाऱ्या बायकामुलांनाही खुला आहे. मात्र कामकाजाच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच व जर्मन असून खोरठा बोलीचा त्यांत समावेश नाही.

प्रत माहितीसाठी : श्री. टायटॅनियम, द्वारा इल्मेनाइटची काळी वाळू, चवरा (केरळ) व रत्नागिरी.